यंत्राची शिकवणी आणि विद्यार्थ्याची चूक

ॲलन ट्यूरिंग यांचा 'कम्प्यूटिंग मशिनरी अँड इंटेलिजन्स' हा लेख ऑक्टोबर १९५० मध्ये 'माइंड' या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नाची चर्चा या ना त्या वाटेने आजही या लेखापाशी येऊन पोचते. लेखाच्या आरंभी परीक्षक आणि पडद्याआडचा उत्तरदाता यांच्यातील संवादाचा छोटा नमुना दिला आहे. स्कॉटलंडमधील फोर्थच्या पुलावर एक सुनीत लिहा, असे परीक्षक म्हणतो; कविता करणे आपल्याला कधीच साधले नाही, असे सांगून उत्तरदाता अंग काढून घेतो. मग ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. सुमारे तीस सेकंद थांबून उत्तर येते : १०५६२१. हे उत्तर चुकलेले आहे. बरोबर उत्तर १०५७२१ असे हवे. ट्यूरिंग यांनी ही चूक जाणूनबुजून पेरली असावी, असे मानायला जागा आहे. कारण त्याच लेखात पुढे ते म्हणतात की, अंकगणितातील जीवघेण्या अचूकपणामुळे यंत्र तत्काळ उघडे पडेल, तेव्हा माणूस म्हणून खपायचे असेल तर त्याला मुद्दाम चुका कराव्या लागतील.

चुकीवरून ओळख पटवण्याची ही रीत साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पाठचिकित्सेत हस्तलिखितांची वंशावळ लावली जाते ती त्यांच्यातील समान चुकांवरून. दोन नकलाकारांनी शुद्ध पाठ लिहिला असेल तर त्यावरून त्यांच्या नात्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी एकच विचित्र चूक केली असेल, तर मात्र दोघांसमोर एकच पोथी होती असे म्हणता येते. बरोबर उत्तर कोणाचेही असू शकते, पण चुकीला सहसा धनी असतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शिक्षण यांविषयी गेल्या दोन-तीन वर्षांत जे लिहिले गेले, त्यात यंत्राच्या बुद्धीचीच चर्चा अधिक आहे. यंत्राला 'कळते' का, त्याला 'जाणीव' आहे का, ते शिक्षकाची जागा घेईल का, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न मोठे असले तरी वर्गात उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. शिकवणाऱ्या यंत्रांचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला दुसराच प्रश्न अधिक उपयोगी वाटू लागला : हे यंत्र विद्यार्थ्याच्या चुकीचे काय करते? प्रत्येक यंत्राच्या पोटात शिकणे म्हणजे काय याविषयीचे एक तत्त्वज्ञान दडलेले असते, आणि यंत्र चुकीला ज्या रीतीने वागवते त्यातून ते अधिक स्पष्ट होते.

यंत्रांकडे वळण्यापूर्वी प्लेटोकडे जावे लागते. या विषयावरील बहुतेक लेखांत 'फीड्रस'मधला लेखनकलेवरचा आक्षेप येतो. लिखित शब्दाला प्रश्न विचारला तरी तो तेच ते सांगत राहतो, हा तो आक्षेप. आजचे यंत्र प्रश्नाला उत्तर देते, त्यामुळे तो आक्षेप त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. मला 'मेनो' हा संवाद अधिक जवळचा वाटतो. त्यात सॉक्रेटिस मेनोच्या घरातील एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा बेधडक सांगतो, चार फूट. म्हणजे क्षेत्रफळ चौपट झाले. मग तो म्हणतो, तीन फूट. तेही नऊ होते, आठ नव्हे. अखेर मुलगा कबूल करतो की आपल्याला ठाऊक नाही. नेमक्या या क्षणी सॉक्रेटिस थांबतो आणि मेनोकडे वळून विचारतो, याला आपण गोंधळात टाकले यात याचे नुकसान झाले का? पुढे कर्णाच्या आधारे उत्तर निघते, पण संवादाचा कळस गोंधळाच्या या क्षणात आहे. दोन चुका झाल्याखेरीज तो क्षण आला नसता.

आपण काहीच शिकवले नाही, मुलाने स्वतःच आठवून काढले, असा सॉक्रेटिसचा दावा आहे. मराठी व्याकरणाला हा दावा अडचणीचा वाटणार नाही. 'शिकवणे' हे क्रियापद 'शिकणे'चे प्रयोजक रूप आहे; दुसऱ्याने शिकावे असे घडवून आणणे, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय भाषांच्या या विशेषाकडे विनोबांनीही लक्ष वेधले होते. अर्थात 'मेनो'मधील प्रसंगावर सगळ्यांचा विश्वास बसलेला नाही. मुलगा बराच वेळ केवळ 'हो' म्हणत राहतो आणि प्रश्नच उत्तर पुरवतात, ही तक्रार जुनी आहे. ज्या माणसाचे नाव शिकवणाऱ्या यंत्रांशी कायमचे जोडले गेले त्या बी. एफ. स्किनर यांचेही म्हणणे असे की, त्या मुलाला ती सिद्धता नंतर एकट्याने मांडता आली असती याला काहीच पुरावा नाही.

स्किनर यांच्या आधी सिडनी प्रेसी यांचा उल्लेख करायला हवा. ओहायो स्टेट विद्यापीठातील या मानसशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात एक छोटे पेटीवजा यंत्र तयार केले आणि १९२६ मध्ये त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. पेटीच्या खिडकीत एक प्रश्न आणि त्याची चार पर्यायी उत्तरे दिसत. बाहेर चार कळा असत. एका रचनेत हे यंत्र परीक्षा घेई : कळ दाबली की पुढचा प्रश्न येई आणि बरोबर उत्तरांची मोजदाद आत होत राही. दुसऱ्या रचनेत ते 'शिकवी' : बरोबर कळ दाबेपर्यंत प्रश्न जागचा हलतच नसे. ठरावीक गुण मिळाल्यावर गोळी बाहेर टाकणारी एक जोडणीही त्यांनी केली होती. प्रेसी यांच्या पेटीत चूक म्हणजे केवळ अडथळा. विद्यार्थ्याने 'अ' दाबले काय किंवा 'क' दाबले काय, बंद दरवाजा तोच. कोणती चूक केली आणि ती का केली, हे विचारण्याची सोय त्या पेटीत नव्हती. यंत्र खपले नाही. १९३२ मध्ये प्रेसी यांनी या कामातून अंग काढून घेत असल्याचे लिहिले. मंदीच्या त्या वर्षांत शिक्षकांचे श्रम वाचवणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक मिळणे तसेही कठीणच होते.

स्किनर यांची गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी थोडी थांबून वाचावी अशी आहे. ते मुळात इंग्रजी साहित्याचे पदवीधर. त्यांना लेखक व्हायचे होते. त्यांच्या कथा वाचून रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी त्यांना उत्तेजनही दिले होते. लेखन जमेना, तेव्हा ते मानसशास्त्राकडे वळले. नोव्हेंबर १९५३ मध्ये ते आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. गणिताचा तास चालू होता. मुलांनी सोडवलेले उदाहरण बरोबर आहे की चूक, हे त्यांना लगेच कळत नव्हते. आणि सगळ्या मुलांना एकाच गतीने चालावे लागत होते. शिकण्याविषयी आपल्याला प्रयोगशाळेत जे कळले त्याच्या नेमके उलट येथे चालले आहे, असे स्किनर यांना वाटले आणि काही दिवसांतच त्यांनी यंत्राचा पहिला नमुना तयार केला. १९५८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा 'टीचिंग मशीन्स' हा प्रसिद्ध लेख आला.

प्रेसी यांच्या पर्यायी उत्तरांना स्किनर यांचा विरोध होता. खरीखुरी वाटतील अशी चुकीची उत्तरे विद्यार्थ्यापुढे मांडणे म्हणजे त्याच्या मनात चुका पेरणे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या यंत्रात विद्यार्थ्याने उत्तर स्वतः रचायचे, आणि पाठाच्या पायऱ्या इतक्या लहान ठेवायच्या की चूक जवळजवळ होऊच नये. झालीच, तर दोष पाठ रचणाऱ्याचा. या भूमिकेत एक औदार्य आहे आणि स्किनर यांच्यावर तुटून पडणाऱ्या टीकाकारांनी त्याची दखल क्वचितच घेतली. छडी हातात घेतलेल्या शिक्षकापेक्षा, 'तू चुकलास याचा अर्थ मी नीट सांगितले नाही' असे म्हणणारे यंत्र केव्हाही अधिक सुसंस्कृत.

पण त्याच लेखात स्किनर कविता शिकवण्याचे जे उदाहरण देतात, ते पाहिल्यावर मन साशंक होते. कवितेची ओळ प्रथम थोडी अक्षरे गाळून दाखवायची. विद्यार्थ्याने ती भरायची. पुढच्या खेपेला आणखी अक्षरे गाळायची. असे करता करता ओळी पूर्णपणे नाहीशा होतात आणि विद्यार्थी काहीही समोर नसताना कविता म्हणू लागतो. पद्धत चालते, यात शंका नाही. ज्या समाजाने वेद सहस्रावधी वर्षे मुखोद्गत ठेवले, त्याला पाठांतराची थोरवी सांगायला नको. मुखोद्गत कविता वर्षानुवर्षे सोबत राहते आणि कधीतरी अवचित उलगडते, हा अनेकांचा अनुभव असतो. तरीही कविता 'येणे' आणि कविता वाचणे यांत अंतर आहे. वाचणारा कोठे ना कोठे अडखळतो, भलताच अर्थ लावतो, मग पुढची ओळ त्याला मागे ढकलते. स्किनर यांच्या पायऱ्यांवर अडखळण्याचीच सोय काढून टाकलेली होती. ज्यांना स्वतःला कथा लिहिता लिहिता थांबावे लागले, त्या माणसाने असे यंत्र करावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

याच काळात नॉर्मन क्राउडर यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या पद्धतीत चुकीचे उत्तर निवडणाऱ्याला वेगळ्या पानावर पाठवले जाई आणि तेथे, 'तुम्ही बहुधा असा विचार केला असेल', असे म्हणून त्याचा गैरसमज समजावला जाई. विद्यार्थी काय काय चुकू शकेल याची कल्पना रचनाकाराने आधीच केलेली असे. चूक ही काहीतरी सांगते, हे यंत्रांच्या जगात येथे प्रथमच मान्य झाले.

ही जाणीव पक्की होण्यास भाषाशास्त्रातील घडामोडींनी हातभार लावला. स्किनर यांच्या 'व्हर्बल बिहेवियर' या ग्रंथावर नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये केलेली टीका सर्वश्रुत आहे. तिच्या तपशिलात जाण्याचे कारण नाही. त्यानंतर मुलांच्या भाषिक चुकांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, एवढे पुरे. मराठी घरातले लहान मूल 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणते. हे रूप त्याने कोणाच्याच तोंडून ऐकलेले नसते. 'धरलं', 'भरलं', 'चरलं' यांवरून नियम काढून तो त्याने 'कर' या धातूला लावलेला असतो. व्याकरण त्याच्या डोक्यात शिरल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी हीच दृष्टी वजाबाकीला लावली. बावन्न वजा अठ्ठावीस याचे उत्तर एखादा मुलगा छत्तीस देतो. त्याला आपण निष्काळजी म्हणतो. पण तो प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे आणि हा नियम सगळीकडे निष्ठेने पाळतो आहे. त्यांच्या 'बग्गी' नावाच्या संगणकीय प्रणालीचे काम विद्यार्थ्याच्या चुकांमागचा असा नियम शोधून काढण्याचे होते. सिमूर पॅपर्ट यांनी 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) या पुस्तकात संगणकाच्या व्यवहारातली 'बग' ही कल्पनाच मुलांच्या हाती दिली. प्रोग्रॅम पहिल्या खेपेस चालत नाहीच; तो दुरुस्त करीत जायचे असते. पॅपर्ट हे जिनिव्हात पियाजे यांच्यासमवेत काम केलेले गणिती. त्यांच्या 'लोगो' या भाषेत यंत्र मुलाला शिकवत नाही; मूल यंत्राला शिकवते, आणि त्या ओघात स्वतःच्या चुका शोधते. या सगळ्या इतिहासात 'मेनो'च्या सर्वांत जवळ कोणी आले असेल, तर हे लोक.

मात्र त्यांची सगळी उदाहरणे अशा क्षेत्रांतली होती, जेथे बरोबर उत्तर आधीच ठाऊक असते. निबंधाचे काय? कवितेच्या रसग्रहणाचे काय?

जानेवारी १९६६ या एकाच महिन्यात दोन लेख प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखकांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण साहित्याच्या शिक्षकाने ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिला एलिस पेज यांचा. पेज हे एके काळी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत. निबंधांच्या गठ्ठ्यांचा भार त्यांनी सोसलेला होता. संगणक निबंध तपासू शकेल, असे त्यांनी मांडले. त्यांचे यंत्र निबंध वाचत नव्हते. निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशा मोजता येण्याजोग्या गोष्टी ते मोजत असे. लेखनाच्या खऱ्या गुणांचे हे केवळ बाह्य प्रतिनिधी आहेत, हे पेज यांना पूर्णपणे मान्य होते आणि तशी वेगळी परिभाषाही त्यांनी योजली होती. तरीही त्यांच्या यंत्राचे गुण आणि परीक्षकांचे गुण यांत जुळणी आढळली. परीक्षकांची एकमेकांशी जेवढी जुळणी असते, साधारण तेवढीच. १९९९ पासून व्यवस्थापन शाखेच्या 'जीमॅट' या प्रवेश परीक्षेत निबंधाला गुण देण्यासाठी माणसाच्या जोडीला असे यंत्र आले. पुढे २०१४ मध्ये एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने 'बेबल' नावाची एक प्रणाली तयार केली. ती भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध क्षणार्धात रचून देई, आणि तपासणारी यंत्रे त्यांना चांगले गुण देत.

पेरेलमन यांचा विनोद यंत्रावर आहे असे आपण समजतो. तो आपल्यावरही आहे. पेज यांच्या यंत्राचे गुण परीक्षकांच्या गुणांशी जुळले, याचा एक अर्थ असा निघतो की परीक्षकही बहुधा लांबी आणि स्वल्पविरामच पाहत होते. महाराष्ट्रातील परीक्षांच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. 'कवीने निसर्गाचे विलोभनीय चित्र रेखाटले आहे', 'भाषा साधी, सोपी व ओघवती आहे', 'कविता वाचकाच्या मनाचा ठाव घेते' : ही वाक्ये गाईडांतून उत्तरपत्रिकांत आणि उत्तरपत्रिकांतून गुणपत्रिकांत किती पिढ्या वाहत आली! त्यांत चूक काढता येत नाही. कोणत्याही कवितेविषयी ती तितकीच खरी असतात. कोणाचेच नसलेले मराठी गद्य यंत्राने जन्माला घातले, हा आरोप म्हणून मला अन्यायाचा वाटतो. ते गद्य आपण आधीच तयार करून ठेवले होते आणि त्याला पूर्ण गुणही देत आलो होतो.

दुसरा लेख जोसेफ वायझेनबाउम यांचा. त्यांच्या 'एलायझा' या प्रणालीचे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधील नायिकेवरून ठेवलेले आहे, पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तून आपण तिला ओळखतो. बोलायला शिकवता येते अशी ती मुलगी, म्हणून हे नाव. एलायझाची युक्ती सोपी होती : समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचे. आत कसलीही समज नव्हती, आणि वायझेनबाउम ते उघडपणे सांगत. तरी लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. त्यांच्या सेक्रेटरीने तर तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७६ मध्ये 'कम्प्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हा ग्रंथ लिहिला आणि यंत्राला जमली तरी त्याच्याकडे सोपवू नयेत अशी काही कामे असतात, असे बजावले. आपल्या विषयापुरते एवढेच नोंदवतो की, एलायझा कधीही कोणाला 'तुमचे चुकते आहे' असे म्हणत नसे. म्हणू शकतच नसे. बरोबर काय ते तिला ठाऊकच नव्हते. शॉच्या नाटकातला प्राध्यापक दर दोन वाक्यांना मुलीची चूक काढतो. तिच्या नावाच्या यंत्राने मात्र कोणाचीच चूक काढली नाही. ही गोष्ट जुनी झालेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती तिच्या निर्मात्यांनाच मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची नको तितकी खुशामत करू लागली होती.

चूक दाखवणे म्हणजे काय, याचा तत्त्वचिंतकाच्या अंगाने विचार ह्यूबर्ट ड्रायफस यांनी केला. 'व्हॉट कम्प्यूटर्स कान्ट डू' (१९७२) हे त्यांचे पुस्तक प्रसिद्धच आहे. शिक्षणाविषयीची त्यांची मांडणी 'ऑन द इंटरनेट' (२००१) या छोट्या पुस्तकात आहे. कोणतेही कौशल्य अंगी बाणते ते नियम पाठ करून नव्हे, तर आपण केलेल्या निवडीचा परिणाम मनाला लागल्याने, असे ते म्हणतात. वर्गात हात वर करून उत्तर देणारा विद्यार्थी काहीतरी पणाला लावतो. चुकला तर अवघडतो, साधले तर आनंदतो. पडद्यामागे सुरक्षित बसलेल्याला ही झळ लागत नाही, म्हणून तो एका पातळीच्या पुढे जात नाही.

ड्रायफस यांचे म्हणणे मला बरेचसे पटते, परंतु ते ज्या वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवतात तो बर्कलीतला वर्ग आहे. आपल्याकडे चुकीची झळ सर्वांना सारखी लागत नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हटल्याबद्दल ज्याला सगळा वर्ग हसला, त्याची ती चूक होती का? ती त्याच्या घरची भाषा होती. प्रमाणभाषेच्या नावाखाली आपल्या शाळा-महाविद्यालयांनी पिढ्यान्पिढ्या ज्या चुका काढल्या, त्यांतल्या कित्येक चुका नव्हत्याच. तो जातीचा आणि प्रदेशाचा हिशोब होता. घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेली एखादी मुलगी रात्री मोबाईलवर यंत्राला एकच शंका सात वेळा विचारते आणि यंत्र सातही वेळा न कंटाळता, न हसता उत्तर देते, तेव्हा त्या सोयीला 'शरीररहित शिक्षण' म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. दुसरीकडे, याच मुलीने आपला वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचा परिच्छेद 'सुधारून दे' म्हटले की यंत्र तो गुळगुळीत पुस्तकी मराठीत परत देते. कोणी हसत नाही. पण तिचे वाक्यही उरत नाही, आणि ते गेले हे तिला जाणवतही नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. इतर सगळे तपशील बाजूला ठेवले तरी एक बदल मूलभूत आहे. प्रेसी यांच्या पेटीपासून पुढे बहुतेक यंत्रे प्रश्न विचारीत आणि विद्यार्थी उत्तर देई. आता विद्यार्थी विचारतो आणि यंत्र उत्तरते. त्यामुळे चुकण्याची पाळी विद्यार्थ्यावरून यंत्रावर गेली. यंत्र चुकतेही, आणि अगदी ठामपणे : नसलेल्या पुस्तकांची नावे देते, कवीने कधीही न लिहिलेल्या ओळी त्याच्या नावावर घालते. ही चूक ओळखण्यासाठी विद्यार्थ्याला आधी पुष्कळ काही येत असावे लागते. आणि ते येण्यासाठी त्याने आधी स्वतः पुष्कळ चुकलेले असावे लागते.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. हमसा बस्तानी आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले. गणिताच्या सरावाच्या वेळी काही विद्यार्थ्यांना चॅटजीपीटीसारखे साधे यंत्र दिले. त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा यंत्र कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या गटाला दिलेले यंत्र उत्तर न सांगता केवळ इशारे देणारे होते. त्या गटाची सरावातील कामगिरी १२७ टक्क्यांनी सुधारली आणि परीक्षेत ही घसरण जवळपास दिसली नाही. वृत्तपत्रांनी पहिला आकडा किंवा दुसरा आकडा आपापल्या मतानुसार उचलला. माझे लक्ष एका तपशिलाने वेधले. दुसऱ्या यंत्राला प्रत्येक उदाहरणाबरोबर एक टिपण दिलेले होते : विद्यार्थी येथे साधारणपणे कोणत्या चुका करतात आणि त्या वेळी त्यांना काय सुचवावे. हे टिपण शिक्षकांनी तयार केले होते. वर्षानुवर्षे वह्या तपासताना जे त्यांना कळले ते त्यात उतरले होते. आता वह्यांत यंत्राचीच उत्तरे येऊ लागली, तर पुढच्या शिक्षकाला असे टिपण कशाच्या आधारे करता येईल?

साहित्याच्या वर्गात अशा टिपणाची शक्यताही कमी. मर्ढेकरांची उंदरांची कविता प्रथमच वाचणारा एखादा विद्यार्थी म्हणू शकेल की, ही प्लेगवरची कविता आहे. 'नाही, ही यंत्रयुगातील माणसाच्या अवस्थेवरची कविता आहे' हे वाक्य गाईडही सांगते आणि यंत्रही सांगते. शिक्षकाला विचारता येते की, प्लेग तुला कोणत्या शब्दात दिसला? विद्यार्थी शब्द शोधू लागतो, एकेक ओळ पुन्हा वाचतो, काही ओळी त्याच्या प्लेगला दाद देतात, काही देत नाहीत. तासाच्या अखेरीस त्याचे मत बदलले नाही तरी त्याने कविता वाचलेली असते. हा प्रश्न यंत्रही विचारू शकेल, तसे त्याला सांगितले तर. मात्र त्यासाठी विद्यार्थ्याने आपला प्लेग घेऊन आधी त्याच्यापुढे जायला हवे. तयार अर्थ एका स्पर्शाच्या अंतरावर असताना तो तसे का करील, ही खरी अडचण आहे आणि ती यंत्राच्या बुद्धिमत्तेने सुटणारी नाही.

ट्यूरिंग यांच्या लेखात यावरचा एक उपाय योगायोगाने येऊन गेला आहे. सर जेफ्री जेफरसन या मेंदूशल्यविशारदांनी १९४९ मधील एका व्याख्यानात म्हटले होते की, स्वतःच्या विचारभावनांतून सुनीत लिहील तेव्हाच यंत्राला मेंदूच्या बरोबरीचे मानता येईल. ट्यूरिंग यांनी उत्तरादाखल एका तोंडी परीक्षेची कल्पना केली. शेक्सपिअरच्या एका विख्यात सुनीतातील उन्हाळ्याच्या दिवसाऐवजी वसंतातला दिवस चालला नसता का, असे परीक्षक विचारतो. वृत्तात बसणार नाही, असे उत्तर येते. मग हिवाळ्यातला दिवस? वृत्तात बसेल, पण आपली तुलना हिवाळ्याच्या दिवसाशी व्हावी असे कोणाला वाटेल? नाताळही हिवाळ्यातच येतो की, असे म्हणून परीक्षक आणखी डिवचतो. समोरच्याला खरेच समजले आहे की ती पोपटपंची आहे, हे शोधण्याची ही रूढ रीत, असे ट्यूरिंग म्हणतात. आजचे यंत्र या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. टेबलापलीकडे बसलेला विद्यार्थी होईल का, हे मात्र अजून तिनेच कळू शकते. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत अनेक ठिकाणचे अध्यापक लेखी निबंध सोडून पुन्हा तोंडी परीक्षेकडे वळू लागले आहेत, ते यामुळेच.

अडचण आहे ती वेळेची. एकशे वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला दहाच मिनिटे दिली तरी वीस तास लागतात, आणि तेही एका निबंधासाठी. प्रेसी यांनी आपली चार कळांची पेटी बांधली ती उत्तरपत्रिका तपासण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ वाचावा म्हणून. वाचलेल्या वेळात शिक्षकाने विद्यार्थ्यांशी बोलावे, अशी त्यांची कल्पना होती.